हेराचे चरित्र : बहिर्जी नाईक आणि त्याच्याविषयीचे लेखन

हेरखात्याच्या प्रमुखाचे चरित्र लिहिणे हे काम मुळातच अडचणीचे आहे. सेनापतीचे कर्तृत्व रणभूमीवर दिसते. मुत्सद्द्याचे तहनाम्यांतून आणि पत्रव्यवहारातून हाती लागते. राजाची तर बहुतेक हालचाल कोणी ना कोणी टिपून ठेवलेली असते. हेराच्या बाबतीत याच्या उलट घडते. त्याने आपले काम चोख बजावले असेल तर त्याचा माग उरलेला नसतो; आणि माग उरला असेल तर तो पुष्कळदा एखाद्या अपयशामुळे, किंवा त्याला स्वतःचा बचाव करावयाचा होता म्हणून. भारताच्या गुप्तवार्ता विभागाचे १९५० ते १९६४ या काळातील प्रमुख भोलानाथ मलिक यांनी पुढे 'माय इयर्स विथ नेहरू' या नावाने तीन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील चीनविषयक खंड वाचताना १९६२ च्या पराभवानंतर खात्यावर झालेल्या टीकेला दिलेले ते उत्तर आहे, हे वाचकाच्या मनातून क्षणभरही जात नाही. केन फ्लॉवर हा ऱ्होडेशियाच्या गोऱ्या राजवटीचा हेरप्रमुख १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाल्यावर नव्या राजवटीतही त्याच जागी राहिला. त्याच्या १९८७ च्या आत्मवृत्ताची गतही निराळी नाही. दोन परस्परविरोधी राजवटींची एकाच इमानाने सेवा कशी करता आली, हा वाचकाचा खरा प्रश्न. त्याचे समाधानकारक उत्तर त्या पुस्तकात मिळत नाही.

नव्याने स्वतंत्र झालेल्या राज्यात तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्यापाशी इंग्रजांनी मागे ठेवलेले पोलीसदल होते. परराष्ट्रांची बातमी आणणारी स्वतःची यंत्रणा नव्हती. ती उभारण्यासाठी क्वामे एन्क्रुमा यांनी भारताकडे साहाय्य मागितले आणि रामेश्वरनाथ काव हे अधिकारी तिकडे गेले. तेच काव पुढे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या भारताच्या परराष्ट्रीय हेरखात्याचे पहिले प्रमुख झाले. एन्क्रुमा यांची राजवट मात्र १९६६ च्या फेब्रुवारीत, ते परदेशी असताना, त्यांच्याच सैन्याने व पोलिसांनी उलथली. परक्या देशांची बातमी आणण्याची सोय झाली होती. घरातली बातमी वेळेवर पोचली नाही. नवे राज्य आणि त्याची बातमीदारी यांचा संबंध किती नाजूक असतो, याचे हे अगदी अलीकडचे उदाहरण म्हणावे लागेल.

मराठी वाचकापुढे असा प्रश्न ठेवला, तर त्याच्या ओठी एकच नाव येईल : बहिर्जी नाईक. सतराव्या शतकात सह्याद्रीच्या कडेकपारींत उभे राहिलेले शिवाजीमहाराजांचे राज्य हेही एक नवे राज्यच होते. त्याच्या हेरांचा प्रमुख म्हणून बहिर्जीचे नाव आज महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. कादंबरी, पोवाडा, व्याख्यान, चित्रपट यांतून त्याची मूर्ती इतकी परिचित झाली आहे की, तिच्या मुळाशी प्रत्यक्ष आधार किती, हा प्रश्न विचारणेही काहींना अप्रस्तुत वाटेल. तथापि तो विचारल्यावाचून या लेखनाचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

बातमीच्या दृष्टीने त्या राज्याची स्थिती काय होती हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मोगल साम्राज्यात बातमीचे खाते पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले होते. प्रत्येक सुभ्यात वाकेनवीस असे. त्याच्यावर नजर ठेवण्यास सवानेहनिगार असे. त्या दोघांच्याही अपरोक्ष लिहिणारा खुफियानवीस असे. आणि तोंडी वा लेखी बातमी घेऊन धावणारे हरकारे निराळे. डाकचौकीच्या दारोग्याच्या हाताखाली हा सारा व्यवहार चाले. एकाचे लेखन दुसऱ्याने पडताळावे अशी ती रचना होती आणि तिच्यामागे खजिना, रस्ते व घोडे यांचे बळ होते. सी. ए. बेली यांच्या १९९६ मधील ग्रंथाने हिंदुस्थानातील बातमीच्या या जाळ्यांकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने वेधले. इंग्रजांनी ती जाळी आपल्या कामाला जुंपल्यावर त्यांची राजवट कशी स्थिर झाली, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. स्वराज्यापाशी असे काही वडिलोपार्जित नव्हते. डोंगरातल्या वाटा माहीत असलेली माणसे, बाजारहाटाला जाणारे व्यापारी, तीर्थयात्रेच्या निमित्ताने हिंडणारे गोसावी-बैरागी आणि पायी चालण्याची विलक्षण शक्ती असलेले जासूद, एवढेच भांडवल होते. या भांडवलातून जे उभे राहिले ते पाहिले म्हणजे त्यामागे कोणी तरी योजक असला पाहिजे, असे अनुमान होते. बहिर्जीविषयीच्या सर्व लेखनाचा प्रारंभ या अनुमानातून होतो. अनुमान योग्यच आहे. परंतु ते अनुमान आहे, हे विसरले गेले की चरित्राची कादंबरी होते.

प्रत्यक्ष आधार म्हणावा तर तो मुख्यतः एकच : कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीच्या मुक्कामी, १६९७ च्या सुमारास ती लिहिली गेली. शिवाजीमहाराजांच्या मृत्यूस तेव्हा सतरा वर्षे होऊन गेली होती. लेखक त्या काळचाच पुरुष होता. आणि ज्यांनी ते दिवस पाहिले अशी माणसे त्याच्या भोवती होती. बखर म्हटली की अतिशयोक्ती आलीच, असा एक सरसकट समज आहे. सभासदाला तो पूर्णपणे लागू पडत नाही. त्याच्या संख्या पुष्कळदा फुगलेल्या असतात, प्रसंगांचा क्रम मागेपुढे होतो; तथापि माणसांच्या नावांविषयी तो सामान्यतः काळजीपूर्वक लिहितो. त्याच्या कथनात बहिर्जी ठळकपणे दिसतो तो दोन प्रसंगी : सुरतेच्या पहिल्या स्वारीच्या आरंभी आणि जालन्याच्या स्वारीनंतर परत येताना.

सुरतेचा प्रसंग बारकाईने वाचण्याजोगा आहे. बहिर्जी सुरतेहून येतो आणि ते शहर मारल्यास अगणित द्रव्य हाती येईल, असे सांगतो. यावर महाराज विचार करतात तो असा की, चाकरांच्या हाती लष्कर देऊन हे काम मनासारखे होणार नाही. स्वतः गेले पाहिजे. येथे सभासदाने अवघ्या काही वाक्यांत हेर आणि राजा यांच्या कामांची वाटणी दाखवून दिली आहे. हेर बातमी आणतो. मोहीम करावी की नाही, कोणी करावी, कशी करावी, हे राजा ठरवतो. हेराने सल्ला दिला आणि राजाने मानला, असे दृश्य बखरकाराला सहज रंगवता आले असते. पुढील काळातील लेखकांनी ते रंगवलेही. सभासदाचा संयम हीच त्याच्या साक्षीची किंमत आहे.

ही साक्ष एकाकी आहे असेही नाही; परिस्थितीजन्य पुरावा तिला पुष्टी देतो. १६६४ च्या जानेवारीच्या ५ तारखेस मराठ्यांचे सैन्य सुरतेच्या दक्षिणेस गणदेवीपर्यंत येऊन पोचले, तेव्हा कोठे शहराला पत्ता लागला. आणि तेव्हाही पातशहाच्याच कोणा उमरावाची ही फौज आहे, अशी बतावणी केली जात होती. सैन्य ६ तारखेस शहरात शिरले, ते नेमक्या श्रीमंत घरांवर जाऊन पडले. डच वखारीजवळील वीरजी व्होरा या अफाट संपत्तीच्या व्यापाऱ्याचा वाडा आणि इंग्रजांच्या वखारीशेजारचे हाजी सैद बेग याचे घर, ही दोन्ही त्यांत होती. (इंग्रजी ग्रंथांत या व्होऱ्याचे नाव 'बहरजी' असे लिहिलेले आढळते. लुटला गेलेला सावकार आणि त्याची खबर आणणारा जासूद यांच्या नावांतील हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. त्यातून कोणी अर्थ काढू नये.) १० तारखेस महाराजांनी सुरत सोडली आणि मोगलांची कुमक १७ तारखेस येऊन पोचली. म्हणजे कोठे जावयाचे याची माहिती जशी नेमकी होती, तशीच केव्हा निघावयाचे याचीही होती. सुरतेहून मागे दूर अंतरावर माणसे पेरलेली असल्याशिवाय हे साधणे शक्य नाही. बहिर्जीची बातमी आणि इंग्रजांच्या वखारीचे कागद एकमेकांस ओळखत नाहीत. तरीही दोघांचे बोट एकाच दिशेला जाते, हे महत्त्वाचे.

जालन्याचा प्रसंग निराळ्या जातीचा आहे. १६७९ च्या नोव्हेंबरात जालना लुटून परतताना मोगल फौजेने वाट अडवली. लुटीच्या ओझ्याने सैन्य संथ झाले होते. झटापटीत सिधोजी निंबाळकर हा मातबर सरदार पडला. दुसरी फौज येत असल्याची खबर होती. अशा वेळी बहिर्जीने आडवाटेने सैन्य काढून नेले आणि रात्रंदिवस मजल मारून ते अकोले तालुक्यातील पट्टा किल्ल्यावर पोचले. महाराज तेथे काही दिवस राहिले म्हणून तो किल्ला विश्रामगड या नावाने ओळखला जाऊ लागला. या प्रसंगातील बहिर्जी शहरात वेष पालटून हिंडणारा हेर नाही. तो वाटाड्या आहे. त्याला डोंगर ठाऊक आहेत, पाणवठे ठाऊक आहेत, शत्रूची फौज कोणत्या खिंडीतून येऊ शकत नाही हे ठाऊक आहे. बातमी म्हणजे केवळ शत्रूच्या गोटातील कानगोष्ट नव्हे, भूमीचे ज्ञान हाही तिचाच अर्धा भाग होय. ही जाणीव या एका प्रसंगाने जितकी स्पष्ट होते, तितकी ती वेषांतराच्या सगळ्या कथांनी होत नाही. लोकप्रिय लेखनात मात्र जालना नेहमी मागे पडतो आणि सुरत पुढे येते. लुटीत नाट्य आहे. माघारीत ते कष्टाने शोधावे लागते.

बहिर्जीच्या नावाविषयी येथेच थोडा विचार करणे योग्य ठरेल, कारण त्यावरून अलीकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. सभासदाच्या बखरीत त्याला जाधव म्हटले आहे. लोकपरंपरा त्याला रामोशी समाजातील मानते आणि त्या समाजात त्याच्याविषयी खरा अभिमान आहे. 'नाईक' या पदावरून हा वाद सुटेल अशी अनेकांची समजूत दिसते. वस्तुतः तो शब्द निर्णायक नाही. रामोशी-बेरडांचे म्होरके नाईक म्हणवीत हे खरे. परंतु शिवकालीन पायदळाच्या रचनेत नऊ पाइकांवरचा दहावा नाईक असे आणि पाच नाइकांवर एक हवालदार असे. जासुदांच्या टोळीचा मुख्यही याच नावाने ओळखला जाणे स्वाभाविक होते. एकाच शब्दाला जातीचा आणि हुद्द्याचा असे दोन्ही अर्थ असल्यामुळे तो कोणत्याही एका पक्षाच्या बाजूने साक्ष देऊ शकत नाही. गुराखी, रामोशी, महार, कोळी अशा समाजांतील माणसांच्या पायांवर आणि डोळ्यांवर शिवकालीन बातमीदारी उभी होती, हे मात्र कोणासही नाकारता येणार नाही. आणि लोकपरंपरा जे सांगू पाहते ते कदाचित हेच असेल. व्यक्तीच्या नावाखाली एका वर्गाच्या सेवेची आठवण तिने जपली आहे. चरित्रकाराने तिला खोटी ठरवण्याची घाई करू नये. तसेच तिला दस्तऐवजाची जागाही देऊ नये.

आता लोकप्रिय चरित्राकडे वळले पाहिजे. त्याचे घटक साधारणपणे ठरलेले आहेत. बहिर्जी हा बहुरूपी. त्याचे सोंग आणण्याचे कसब पाहून महाराजांनी त्याला हेरले. त्याच्या हाताखाली तीन-चार हजार हेर होते. त्यांची पाखरांच्या आवाजावर बेतलेली एक गुप्त भाषा होती. स्वराज्यातील एकूण एक मोठ्या प्रसंगाची बातमी त्यानेच आणली. आणि तो वेष पालटून आदिलशहाच्या व मोगलांच्या दरबारातही जाऊन आला. या कथनाची परीक्षा करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कौटिल्याने हेरांविषयी घालून दिलेला एक नियमच येथे उपयोगी पडतो. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केलेल्या प्रा. र. पं. कंगले यांच्या चिकित्सक आवृत्तीमुळे तो ग्रंथ अभ्यासकांच्या हाती विश्वसनीय रूपात आलेला आहे. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस हे एका जागी राहणारे हेर आणि सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी हे हिंडते हेर, अशी वाटणी करून कौटिल्य सांगतो की, त्यांनी एकमेकांस ओळखता कामा नये. आणि एकमेकांस न ओळखणाऱ्या तिघांची बातमी जुळली, तरच तिच्यावर विश्वास ठेवावा. हाच नियम हेराच्या चरित्रास लावला तर काय उरते ?

बहिर्जी हा महाराजांचा जासूद होता, सुरतेची बातमी त्याने आणली, जालन्याहून त्याने वाट दाखवली, एवढे टिकते. त्यातही एकच साक्षी प्रत्यक्ष बोलतो. इतरांचे साह्य अप्रत्यक्ष आहे. हजारोंच्या संख्येस सभासदाचा आधार नाही. पाखरांच्या भाषेसही नाही. वेषांतर संभवनीय आहे, कारण त्या व्यवसायात ते अपरिहार्यच असते. पण अमुक वेष अमुक दरबारात, असा तपशील मागितला की कथा गप्प होते. सगळ्या प्रसंगांचे श्रेय एकालाच देण्याची प्रवृत्ती तर उघडच सोयीची आहे. लाल महालावरील छाप्याचेच उदाहरण घ्यावे. १६६३ च्या एप्रिलच्या ५ तारखेस, रमजानच्या महिन्यात, महाराजांनी शाइस्ताखानाच्या निवासावर छापा घातला. या प्रसंगी सभासद बाबाजी बापूजी आणि चिमणाजी बापूजी या खेडेकर बंधूंचा उल्लेख करतो. तो वाडा म्हणजे महाराजांच्या बालपणीचे घर. त्याची दारे, खिडक्या आणि माजघरे कोणा हेराने येऊन सांगावयाची नव्हती. हेराकडून हवे होते ते निराळे : खान कोणत्या दालनात निजतो, पहारा केव्हा ढिला पडतो, उपासाच्या महिन्यातील रात्री चाकरमाणसे कितपत जागी असतात. म्हणजे महाराजांच्या आठवणीतले घर आणि हेरांच्या नजरेतले घर एकत्र आल्यावर तो छापा शक्य झाला. 'फत्तेशिकस्त' या २०१९ च्या चित्रपटाने या प्रसंगाला केंद्र करून बहिर्जीला मोठे स्थान दिले. छाप्यामागे बातमी असते, ही गोष्ट पडद्यावर ठसवल्याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पण आठवण आणि बातमी यांचा जो संयोग हे त्या छाप्याचे खरे रहस्य आहे, त्याकडे कथा व कादंबऱ्या यांप्रमाणेच त्याचेही लक्ष पुरेसे गेलेले नाही.

ऐतिहासिक कादंबरीची अडचण अधिक खोल आहे. मराठीतील शिवचरित्रात्मक कादंबरीत बहिर्जी येतो तो बहुधा दारातून : फकिराच्या किंवा गोसाव्याच्या वेषात, रात्री, दमलेला. मुजरा करतो, बातमी सांगतो, बक्षीस घेतो किंवा नाकारतो आणि अंधारात नाहीसा होतो. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' (१९६८) सारख्या कृतीत नायकाच्या मनाचा शोध हा लेखकाचा विषय असल्याने दुय्यम पात्रांना असे स्थान मिळणे समजण्यासारखे आहे. त्याबद्दल दोष देता येणार नाही. पण असंख्य लहानमोठ्या लेखकांनी हाच साचा उचलला आणि स्वतंत्रपणे बहिर्जीवर लिहितानाही तोच वापरला, हे मात्र खटकते. तो दारातून आत येण्यापूर्वी कोठे होता ? परक्या गावात महिनोन्‌महिने दुसऱ्याचे नाव धारण करून राहणाऱ्या माणसाचे स्वतःच्या नावाशी काय नाते उरते ? आणलेली बातमी चुकीची निघाली तर ? ज्या गृहस्थाने विश्वासाने घरात घेतले त्याचेच घर आपल्या बातमीमुळे लुटले जाते, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल ? कादंबरीला वाव आहे तो येथे, कारण इतिहास येथे मुका आहे. आपल्या कादंबरीने उलट केले : इतिहास जेथे मुका आहे तेथे तीही मुकी राहिली, आणि जेथे त्याला नेमके बोलावयाचे होते, म्हणजे संख्या, तारखा आणि श्रेय यांच्या बाबतीत, तेथे तिने वाटेल तसे बोलून घेतले.

या दृष्टीने विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'शी तुलना उद्बोधक आहे. यमपट दाखवीत दारोदार फिरणारा निपुणक, गारुड्याच्या वेषातील विराधगुप्त, क्षपणकाचे सोंग घेतलेला जीवसिद्धी, अशी हेरांची मालिकाच त्या नाटकात आहे. पण निपुणकाने आणलेली राक्षसाची मुद्रा हाती आल्यावर नाटक निपुणकाचे कौतुक करीत बसत नाही. त्या मुद्रेचा काय उपयोग करावयाचा याचा चाणक्याच्या मनातील विचार हाच त्याचा विषय होतो. उलट विराधगुप्त राक्षसाला जे सांगतो ते सारे खरे असते, आणि तरीही प्रत्येक बातमी त्याचा एकेक डाव फसल्याचीच निघते. बातमीचे मूल्य ती आणण्यात नसून ती तोलण्यात आहे, ही गोष्ट या नाटकाने कृतीतून दाखवली. शिवकालावरील मराठी लेखनात हे तोलण्याचे दृश्य क्वचितच येते. सभासदाच्या सुरतेच्या प्रसंगात ते बीजरूपाने आहे, म्हणून तर तो प्रसंग इतका मोलाचा.

शत्रूपक्षाच्या अज्ञानाकडे पाहणे हा हेरखात्याची परीक्षा करण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि त्याचा उपयोग फारच थोड्यांनी केला आहे. मुंबई बेट १६६५ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले; पलीकडची साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. आज जो प्रदेश कुर्ला, साकीनाका, मरोळ, अंधेरी, मालाड या नावांनी ओळखला जातो तो सारा त्या साष्टीत मोडतो. दोन टोपीकरांच्या मधली ही चिंचोळी खाडी आणि तिच्या दोन्ही बाजूंची ठाणी म्हणजे बातमीचा बाजारच असणार. नाका म्हणजे वाटा एकत्र येण्याची, जकात देण्याची व थांबण्याची जागा. आणि माणसे थांबतात तेथे ती बोलतात. असे असूनही १६७९ मध्ये खांदेरीच्या बेटावर महाराजांनी किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा मुंबईच्या तोंडावरचे हे काम इंग्रजांना सुरुवातीसच रोखता आले नाही. महाराजांच्या मृत्यूची खोटी वार्ता तर इंग्रजांच्या कानी इतक्या वेळा आली होती की, १६८० मध्ये ती खरी आली तेव्हा सुरतेच्या वखारवाल्यांना तिच्यावर विश्वास ठेवणे कठीण गेले. आपली बातमी शत्रूस मिळू न देणे हाही हेरखात्याच्या कामाचाच भाग. आणि त्याचा पुरावा शत्रूच्या दप्तरातच सापडतो. बहिर्जीचे नाव त्या पत्रांत शोधण्यापेक्षा, त्या पत्रांतील चुका आणि उशीर यांची व्यवस्थित मोजदाद कोणी केली, तर त्याच्या खात्याविषयी कितीतरी अधिक कळेल.

याच साष्टीचा पुढील इतिहास एक विरोधाचे चित्र पुरवतो. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांनी साष्टी-वसईची मोहीम आरंभली, त्याआधी वर्षानुवर्षे तेथील माहिती पेशव्यांपर्यंत पोचत होती. ती पोचवणारे कोणी नेमलेले हेर नव्हते. अणजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे हे पोर्तुगीजांच्या धर्मछळाने पोळलेले स्थानिक पुढारी होते. ठाण्याच्या किल्ल्याचे काम अपुरे आहे, तोच प्रथम घेतला पाहिजे, ही माहिती असल्यावाचून मार्चअखेरचा तो पहिला हल्ला यशस्वी झाला नसता. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. या माणसांची नावे आज ठाऊक आहेत, 'साष्टीची बखर' त्यांची कथा सांगते, आणि य. न. केळकरांच्या 'वसईची मोहीम' या ग्रंथात त्यांच्या कामगिरीला स्थान मिळाले आहे. बहिर्जीविषयी मात्र दोन प्रसंग आणि एक नाव, एवढेच. असे का व्हावे ? एक कारण उघड आहे. पेशवाईत केलेल्या सेवेबद्दल वतन, इनाम मागण्याची रीत होती. मागणीसाठी सेवेचे कथन लिहून द्यावे लागे. आणि ते घराण्याच्या दप्तरात जपले जाई. शिवाजीमहाराजांचा कटाक्ष रोख वेतनावर होता. नवी वतने देण्याचे त्यांनी शक्यतो टाळले. ज्या राज्यात चाकराला रोख वेतन मिळते तेथे त्याच्या वंशजांना आपल्या पूर्वजाची कामगिरी लिहून ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. बहिर्जीचे चरित्र अपुरे आहे याचे एक कारण त्याच्या गुप्ततेत असेल. दुसरे त्या राज्याच्या पगारपद्धतीत आहे, आणि ते अधिक भरवशाचे वाटते.

ही यंत्रणा व्यक्तीवर उभी होती की पद्धतीवर, हा प्रश्न बहिर्जीच्या चरित्रकारांनी जवळजवळ विचारलेलाच नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्ग, आरमार, साहुकार, वतनदार, टोपीकर यांवर प्रकरणे आहेत. जासुदांवर स्वतंत्र प्रकरण नाही. सावधगिरीची शिकवण त्या ग्रंथात पानोपानी असताना ही उणीव लक्षणीय वाटते. १६८९ च्या फेब्रुवारीच्या १ तारखेस संगमेश्वरी संभाजीमहाराज पकडले गेले, तेव्हा कोल्हापूरकडून घाट उतरून आलेल्या मुकर्रबखानाला त्यांच्या मुक्कामाची नेमकी खबर होती. शत्रू येत असल्याची वार्ता आणणाऱ्यांवर विश्वास न ठेवता त्यांनाच शिक्षा फर्मावली गेली, असे खाफीखान लिहितो. तो वैरभावाने लिहिणारा लेखक आहे आणि त्याचे कथन जसेच्या तसे घेता येत नाही. पण बातमी कोणाकडे होती आणि कोणाकडे नव्हती, याविषयी वाद नाही. अवघ्या नऊ वर्षांत पारडे असे फिरले. बहिर्जी तेव्हा हयात असता तर असे घडले नसते, असे म्हणणे सोपे आहे आणि ते अनेकदा म्हटले जाते. त्यातून व्यक्तिपूजेपलीकडे काही हाती लागत नाही. शिवाय ज्या खात्याचे रक्षण एका माणसाच्या आयुष्यावर अवलंबून होते ते खाते त्याने उभारलेच नव्हते, असा उलटा आक्षेपही त्याच वाक्यातून निघतो, हे अशा लेखकांच्या लक्षात येत नाही.

बहिर्जीच्या मृत्यूविषयी परंपरा सांगते ते सांगली जिल्ह्यातील बाणूरगडाशी, म्हणजे भूपाळगडाशी, निगडित आहे. शत्रूशी झालेल्या झटापटीत जखमी होऊन तो तेथील महादेवाच्या देवळाशी आला आणि तेथे त्याने देह ठेवला, असे मानतात. गडावर त्याची समाधीही दाखवली जाते. हा किल्ला १६७९ च्या एप्रिलात दिलेरखानाने घेतला. त्या वेळी फिरंगोजी नरसाळा किल्लेदार होता आणि खुद्द संभाजीराजे दिलेरखानाच्या गोटात होते. त्या लढाईशी बहिर्जीचा मृत्यू जोडण्याचा मोह एखाद्याला होईल. तो टाळला पाहिजे, कारण सभासदाप्रमाणे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बहिर्जी जालन्याहून फौज काढून आणतो आहे. म्हणून समाधीची परंपरा खरी मानावयाची तर त्याचा मृत्यू १६७९ च्या नोव्हेंबरानंतरचा मानावा लागतो. मराठ्यांच्या हातून गेलेल्या, सरहद्दीवरच्या त्या गडाच्या परिसरात त्यानंतर तो कशासाठी गेला असेल, हा प्रश्न मग उरतो. आणि भूपाळगडाच्या परिसरातील १६८० नंतरच्या घडामोडींचा शोध त्या दृष्टीने घेतला जाणे अवश्य आहे.